पुसलेला पट्टा

हल्ली दुपारी डोळा लागला की मला ठिपके दिसतात. आधी ते आलेखाच्या कागदावर असतात, निळ्या शाईचे, जिथल्या तिथे बसलेले. मग कागदावरच्या बारीक चौकटी विरघळू लागतात, त्यांच्या जागी गवत येतं आणि ठिपके चरायला लागतात. काही रेघेच्या वर चरतात, काही खाली. रेघेवर मात्र एकही नसतो. मी झोपेतच त्यांना रेघेकडे हाकत राहतो आणि ते सावकाश, माझ्याकडे न बघता, आपल्या वाटेने पांगत जातात.

जाग आली की बाहेर भोरची दुपार असते आणि मी पंचाहत्तरीचा झालेला असतो.

तालुक्याच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी एक मापाची टेप तयार केली होती. त्या टेपमुळे वेल्ह्याच्या वरच्या एका धनगरवाड्यावर पाच करडं मेली, आणि त्याचा दोष तिथल्या एका बाईच्या हातावर आला. दोष माझा होता. ही गोष्ट वीस वर्षं मी कुणाजवळ बोललो नाही. गेल्या कार्तिकात बोललो. ती गोष्ट आणि ते बोलणं, दोन्ही इथे लिहून ठेवतो.

कल्पना साधी होती. शेळ्यांना जंताचं औषध वजनावर द्यावं लागतं. कमी पडलं तर जंत राहतात, आणि त्या औषधाचा हात जास्त पडला तर जनावराला सोसत नाही. पण डोंगरावर काटा कुठून आणणार? शेळीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती टेप लावली तर त्या मापावरून वजनाचा अंदाज बांधता येतो. शिंप्याकडची साधी टेप घ्यायची, इंचांच्या जागी किलो लिहायचे आणि किलोशेजारी औषध किती ते लिहायचं. ज्याला आकडे ओळखता येतात त्याला एवढं पुरे.

त्यासाठी आधी बऱ्याच शेळ्यांची छाती आणि वजन दोन्ही माहीत असायला हवं होतं. कापूरहोळच्या फाट्यावर एका गॅरेजवाल्याने मला तीन लोखंडी पाइप वरच्या टोकाला एकत्र बांधून दिले. त्याला ताणकाटा लटकवायचा, काट्याला गोणपाटाची झोळी, झोळीत शेळी. रविवारी हे सगळं स्कूटरला बांधून मी निघायचो. कामथडी, वरवे, हायवेच्या अल्याड-पल्याडची शेतं. पहिल्या दिवशी कामथडीच्या एका शेतकऱ्याने मी टेप लावताना बराच वेळ बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सर, झंपर शिवताय व्हय तिला?" त्याची बायको बांधावर बसून हसत राहिली. ती शेळी लटकलेली असताना शांतपणे माझ्या खिशातला रुमाल चघळत होती.

ते रविवार मला अजून आठवतात ते उन्हात भिजल्यासारखे. शेंगांचा पाला खाऊन तुकतुकीत झालेल्या शेळ्या, काट्याचा सुरकन खाली जाणारा दांडा, वहीतले दोन स्तंभ. आपण काहीतरी उपयोगाचं करतो आहोत असं आयुष्यात मला फार कमी वेळा वाटलं. तेव्हा वाटत होतं.

करडं मात्र कुणी मोजू दिली नाहीत. कामथडीच्या एका म्हातारीने तर मी हात पुढे करताच करडू पदराखाली घेतलं. दुधावरच्या जिवाला काट्याला टांगायचं नसतं, वाढ खुंटते, असं तिचं म्हणणं. वरव्यातही तेच ऐकलं, पुढच्या वस्तीवरही तेच. मी हुज्जत घातली नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. करडं झोळीत ठरत नाहीत, ओरडतात, काटा हलत राहतो. तर माझ्या ठिपक्यांमध्ये एकही करडू नव्हतं. सगळ्या मोठ्या, पोसलेल्या, बहुतेक एकाच अंगलोटाच्या शेळ्या.

एका संध्याकाळी मी आलेखावर ठिपके काढले आणि त्यांच्यामधून रेघ काढली. आमच्या शास्त्रात या पद्धतीला समाश्रयण म्हणतात. नाव जड आहे, काम हलकं आहे. ठिपक्यांच्या गर्दीतून अशी एक सरळ रेघ काढायची की सगळे मिळून तिच्यापासून कमीत कमी लांब राहतील. मग कुठलीही छाती घ्या, तिथून वर रेघेपर्यंत जा, तिथून आडवं वजनाच्या बाजूला या. साठ सेंटिमीटरला वीस किलो आले.

आता या वीस किलोंचा अर्थ काय? हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारायचो आणि दरवर्षी मुलं चुकायची. म्हणायची, साठ सेंटिमीटर छातीच्या शेळीचं वजन वीस किलो असतं. तसं नाही. साठ सेंटिमीटरच्या सगळ्या शेळ्या एका रांगेत उभ्या केल्या तर त्यांची सरासरी वीसच्या आसपास येईल, एवढंच ती रेघ सांगते. आणि "आसपास" म्हणजे किती तेही गणिताने काढता येतं. माझ्या कागदावर ते एकोणीस ते एकवीस आलं. रेघेला चिकटून जाणारा तो एक अरुंद पट्टा. मी आणखी शेळ्या मोजल्या असत्या तर तो आणखी अरुंद झाला असता.

पण तुमच्या दारात रांग उभी नसते, एकच शेळी उभी असते. तिचं वजन किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा पट्टा वेगळा निघतो. कारण छाती एकच असली तरी एखादी हाडाने बारीक असते, एखादी गाभण असते, एखादीने सकाळपासून काही खाल्लेलं नसतं. हा पट्टा रुंद असतो, आणि हजार शेळ्या मोजल्या तरी तो एका हद्दीपलीकडे आवळत नाही, कारण शेळ्या एकमेकींसारख्या व्हायला तयार नसतात. माझ्या कागदावर साठ सेंटिमीटरच्या एका शेळीसाठी तो चौदा ते सव्वीस निघाला.

आणि डावीकडे, जिथे छाती लहान होत जाते आणि माझे ठिपके संपतात, तिथे तो पट्टा नदीच्या मुखासारखा रुंदावत गेला. बेचाळीस सेंटिमीटरला, म्हणजे करडाच्या छातीला, रेघ दहा किलो सांगत होती आणि पट्टा सांगत होता एक ते एकोणीस. म्हणजे कागद मला नीट, स्वच्छ अक्षरांत सांगत होता की इथलं मला काही माहीत नाही. खरं तर तेही कमीच होतं. जिथे एकही ठिपका नाही तिथे रेघ सरळच जाते की वळते, हेही कुणाला ठाऊक नसतं. माझ्या शेळ्या एकाच अंगलोटाच्या असल्यामुळे माझी रेघ हवी त्यापेक्षा आडवी झाली होती, आणि खालच्या टोकाला ती खऱ्या वजनांच्या वरून तरंगत गेली होती. हे मला पुढे कळलं. पण पट्टा तर त्या संध्याकाळीच समोर होता.

तो मी पेन्सिलीने काढला होता. बराच वेळ बघत बसलो. इतके रविवार उन्हात घालवले आणि शेवटी लोकांना सांगायचं काय, तर तुमची शेळी चौदा किलोची असेल नाहीतर सव्वीसची. असली टेप कोण हातात धरेल? मित्र तिला आधीच "सरांची टेप" म्हणायला लागले होते. मी रबर घेतलं आणि रुंद पट्टा पुसला. अरुंद ठेवला. तो दिसायला छान होता. मग पट्टी ठेवून रेघ डावीकडे खाली, करडांपर्यंत लांबवली. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

दिवाळी झाल्यावर मी औषध आणि टेप घेऊन त्या वाडीवर गेलो. तोरण्याच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर अकरा घरं. सकाळ होती, धुकं इतकं की शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा आधी यायच्या आणि शेळ्या मागून. मोठ्या शेळ्यांचं काम पटापट झालं. टेप लावायची, आकडा वाचायचा, औषध पाजायचं. पाजायचं काम ती बाई करत होती.

तिच्याबद्दल मला जीपवाल्याने वाटेत सांगितलं होतं. बाईला अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र ओळखता येत होते. पण शेळी अडली की दोन डोंगर पलीकडून माणसं तिला बोलवायला यायची. आत हात घालून आडवं आलेलं करडू ती सरळ करायची. तिचा हात लागला की शेळी थरथरायची थांबते, असं लोक म्हणायचे. तेव्हा ती पस्तिशीची असेल. बोलायची कमी.

करडांची पाळी आली. पावसाळा सोसलेली करडं ती, पोटं सुटलेली, पाठीचं हाड वर आलेलं, अंगावर लांब केस. पहिल्याला मी टेप लावली. बेचाळीस. टेपवर दहा किलो. मी आकडा तिला दाखवला. तिने औषध भरायच्या आधी ते करडू दोन्ही हातांवर उचललं, खाली-वर केलं, आणि म्हणाली, "मास्तर, ह्ये धा किलूचं न्हाई. धा म्हंजी भरली कळशी. ह्ये आर्ध्या कळशीपासनं पाऊण कळशीपतुर. त्याच्या वर न्हाई."

"अहो, पण नक्की काय ते सांगा ना," मी म्हणालो. "अर्धी की पाऊण?"

"नक्की कसं सांगू? जीव हाय त्यो. आत्ता प्यालाय, मग मुतंल."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मी शहाणा माणूस, वर्गात बत्तीस वर्षं पट्टा शिकवलेला, आणि माझ्यासमोर एका बाईने दोन हातांवर करडू तोलून अगदी तसाच पट्टा सांगितला होता. तिचा पट्टा तर माझ्या पुसलेल्या पट्ट्यापेक्षा कितीतरी अरुंद होता, कारण तिने आयुष्यभर करडंच उचलली होती. मी टेप ताणून धरली आणि म्हणालो की ही नक्की सांगते.

तिने सासऱ्याकडे बघितलं. म्हातारा दगडावर बसून तंबाखू मळत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, मास्तर शिकल्यालं हायेत, त्ये सांगत्यात तसं कर. तिने तसं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच करडं मेली. मोठ्या शेळ्यांना काही झालं नाही.

चौकशीला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना लेखी खुलासा हवा होता. मी त्यांच्यासमोर बसून तो लिहिला. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. "टेपमध्ये कोणताही दोष नाही. माप घेताना किंवा आकडा वाचताना औषध पाजणाऱ्या व्यक्तीकडून चूक झालेली दिसते." खाली सही. माप मी घेतलं होतं. आकडा मी वाचला होता. कागदाची एक प्रत म्हाताऱ्याने मागून घेतली. ती त्याला का हवी होती ते मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या महिन्यात मी बाकीच्या गावांमधून सगळ्या टेप परत गोळा केल्या. लोकांना सांगितलं की नवी करायची आहे. म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहितो. मला माहीत होतं.

पुढे केव्हातरी तोच जीपवाला नसरापूरच्या बाजारात भेटला. त्या बाईला आता कुणी शेळीला हात लावू देत नाही, असं त्याने सहज बोलता बोलता सांगितलं. शेळी अडली तर खालच्या गावातून माणूस आणतात. मी कोथिंबीर घेत होतो. मी कोथिंबीर घेतली आणि घरी आलो.

निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तो धडा यायचा. मी तो उत्तम शिकवायचो. ठिपके संपतात तिथे रेघ थांबवा, असं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो. सरासरीचा अंदाज वेगळा आणि एका जिवाचा अंदाज वेगळा, असं सांगायचो. जीव हा शब्द पुस्तकात नव्हता. मुलं वहीत उतरवून घ्यायची, आणि मी खिडकीतून बाहेर बघत राहायचो. धुकं नसायचं तरी मला घंटा ऐकू यायच्या.

गेल्या कार्तिकात माळ्यावरचे कागद काढताना तो आलेख हाती लागला. शाई फिकट झाली होती. पण कागद उजेडात तिरका धरला तर पुसलेल्या पेन्सिलीची खूण अजून दिसत होती. दोन वाकड्या रेघा, डावीकडे एकमेकींपासून दूर जाणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूर, मार्गासनी, वेल्हे. दोन एसट्या, एक जीप. वाटेत मला डुलकी लागत होती. डोळे उघडले की बाहेर भाताची कापलेली खाचरं असायची, मिटले की तीच खाचरं आलेखाची चौकट व्हायची. एकदा वाटलं की मी अजून नोकरीत आहे आणि स्कूटरवर आहे आणि मागे पाइप खडखडतायत. एकदा वाटलं की शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर करडू आहे. ती त्याची पिशवी होती. जीपने डांबर संपेपर्यंत सोडलं. पुढची वाट काठी टेकत चढलो. धुकं तेव्हासारखंच होतं, आणि त्या धुक्यात वीस वर्षं कुठे गेली असतील असं मला वाटलं नाही, ती तिथेच कुठेतरी झाडाखाली बसलेली असणार.

अकरा घरांपैकी तीनच उघडी होती. बाकीच्यांना कुलपं.

ती दारात बसून नाचणी पाखडत होती. केस पिकलेले, अंगाने आणखी बारीक झालेली. मी कोण ते तिला सांगावं लागलं. टेपवाला मास्तर म्हटल्यावर तिने माझ्या पायांकडे बघितलं, मग काठीकडे, मग बसा म्हणाली. मुलगा कापूरहोळला धाब्यावर कामाला होता, नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती, सासराही गेला होता. आतून कोरा चहा आणून तिने माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

मी सगळं सांगितलं. ठिपके, रेघ, पट्टा, रबर. करडं मोजलीच नव्हती हे सांगितलं. खुलासा खोटा लिहिला हे सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही. नाचणी वर उडत होती आणि खाली येत होती, भुसा धुक्यात जात होता.

माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "ह्ये मला कशाला सांगताय? मला ठावंच हाय. म्या उचललं व्हतं त्येला."

मी विचारू नये ते विचारलं. मग तेव्हा बोलला का नाहीत?

"बोलले की. तुमीच हसलात."

तिने सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि मला जे माहीत नव्हतं ते सांगितलं. माझा कागद आल्यावर सासरा तो हातात धरून अकराही घरी फिरला होता. प्रत्येक उंबऱ्यापुढे उभं राहून त्याने सांगितलं होतं, माझ्या सुनेला शेळीला हात लावू देऊ नगा. त्याला वाचता येत नव्हतं. पण कागद त्याने दर वेळी उघडून डोळ्यांपुढे धरला होता. वाडीवर कुणाला काही बंद करायचं तर असंच करायचं असतं. घरोघर.

"आता तुमी फिरा," ती म्हणाली. "तोंडी नगं. तवा कागद व्हता."

माझ्या पिशवीत आलेखाखेरीज दुसरा कागद नव्हता. त्याच्याच पाठीमागे मी लिहिलं. "पाच करडं माझ्या चुकीमुळे मेली. माप मी घेतलं, आकडा मी वाचला. करडांची वजनं न घेता मी टेपवर आकडे लिहिले. औषध पाजणाऱ्या बाईंनी वजन बरोबर ओळखलं होतं आणि मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही. नंतर मी लिहिलेला खुलासा खोटा होता." खाली सही केली.

तिने मला वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि पुढे चालायला लागली.

पहिलं घर तिच्या दिराचं. दीर आणि जाऊ अंगणात होते. जावेला कमी ऐकू येत होतं, म्हणून मला ओरडून वाचावं लागलं. आपला गुन्हा ओरडून वाचणं फार विचित्र असतं, मधेच दम लागतो. दिराने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी टेप खोटी व्हती?"

मी सांगितलं की मोठ्या शेळ्यांसाठी तो आकडा सरासरीला धरून होता. सगळ्यांचा मिळून होता, एकीचा नव्हता.

"सगळ्यांचा म्हंजी कुणाचाच न्हाई."

"नाही."

"आन करडांचा?"

"करडांचा तर तसाही नव्हता. त्यांच्याजवळ गेलोच नव्हतो. रेघ तशीच खाली ओढली."

"न बघता?"

"न बघता."

जाऊ त्याचा हात ओढून विचारत होती की काय म्हणतोय हा. त्याने तिच्या कानाशी वाकून सांगितलं की चूक ह्याची होती, हिची नव्हती. जावेने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती वळली ती थेट या बाईकडे. "आन तू इतकी वर्सं गप ऱ्हायलीस व्हय गं?"

"तू बोलत हुतीस का माज्याशी?" बाई म्हणाली आणि पुढे निघाली.

दुसऱ्या उघड्या घरात एक तरुण सून होती, मोबाईल हातात घेऊन रेंज शोधत अंगणात फिरत होती. मी वाचलं तसा तिचा मोबाईल खाली आला. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूने आपल्याला हेच बजावलं होतं, असं ती हळू आवाजात म्हणाली. पाण्याची जागा, सरपणाची जागा आणि ही बाई. शेळ्या सोडताना ही समोर आली तर क्षणभर थांबायचं. "म्या थांबायची, काकू," ती म्हणाली. बाई म्हणाली, "बघत व्हते म्या."

पुढचं घर बंद होतं. कुलपावर गंज चढला होता. मी पुढे निघालो तर ती थांबली.

"इथे कुणी नाही," मी म्हणालो.

"वरव्याला गेल्यात, कंपनीत. वाचा."

"पण ऐकणार कोण?"

"मामंजींनी कुणाला वगळलं न्हवतं."

मी वाचलं. बंद दारापुढे उभं राहून, कागद डोळ्यांपुढे धरून. पुढच्या घरची माणसं कामथडीला वाट्याने शेती करत होती. तिथे वाचलं. त्यापुढच्या घरची म्हातारी मेली होती आणि पोरं पुण्याला होती. तिथेही वाचलं. ती प्रत्येक दारी माझ्या डाव्या बाजूला, दोन पावलं मागे, डोक्यावरचा पदर धरून उभी राहायची आणि माझं शेवटचं वाक्य झालं की पुढे निघायची. धुकं कधी दाट व्हायचं, कधी विरळ. मधेच शेळ्या जवळून जायच्या. हळूहळू मला दारं बंद आहेत असं वाटेनासं झालं. आत माणसं हलतायत, कुणीतरी काम थांबवून ऐकतंय, कुणीतरी तिचं नाव घेतंय असं वाटायला लागलं. माझा आवाज बसला होता. काही ठिकाणी मी नुसता पुटपुटलो असेन. तिथे ती हलली नाही. मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दहा घरं झाली. मी दगडावर टेकलो. माझी शेवटची जीप एव्हाना गेली असणार होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

"आजून एक," ती म्हणाली.

मी वळून बघितलं. ती माझ्या पुढून चालत तिच्याच घराकडे गेली. सासरा शेवटी इथे आला होता, असं तिने सांगितलं, आणि ती उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली. तेव्हा जशी उभी असेल तशी. पदर नीट केला, हात पोटाशी धरले, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी उठलो, अकराव्या दारासमोर उभा राहिलो आणि वाचलं. इथे आवाज चढवायची गरज नव्हती.